वरच्या आळीला पाणी चढवणारी वहिनी

आमची वहिनी गेली आणि घरी माणसांची रीघ लागली. ओळखीची, बिनओळखीची, कुठल्या कुठल्या गावांची. यायची, बसायची, डोळे पुसायची, आणि निघताना दारात चपला घालता घालता हळूच विचारायची, ताई नेमकं काय काम करायच्या हो? आता आली का पंचाईत. दादा, म्हणजे तिचा नवरा, सांगायचा ऑफिसात होती. आई म्हणायची गावोगाव हिंडायची. तिच्या धाकट्या दिरानं तर एका गृहस्थाला सांगितलं की ती सोलारचं बघायची, तर तो माणूस गच्चीवरच्या पाणी तापवायच्या टाकीचा भाव विचारून गेला. तेव्हा एकदा नीट सांगून टाकलेलं बरं.

वहिनी स्थळं जुळवायची. माणसांची नाही, पैशांची आणि गावांची. म्हणजे बघा, हवा बिघडत चाललीय, ऊन वाढतंय, पूर येतायत, हे आता सगळ्यांना कळलंय. त्यामुळे मोठमोठे निधी निघालेत. कुणी वीज वाचवायला पैसे देतं, कुणी धूर कमी करायला, कुणी नाले रुंद करायला. हे झाले पैसेवाले. यांना चांगलं गाव पाहिजे असतं आणि ते सापडत नाही. दुसऱ्या बाजूला छोट्या छोट्या नगरपालिका. त्यांच्या मोटरी रडतात, दिवे मिणमिणतात, तिजोरीत खडखडाट, आणि असा पैसा जगात असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पैसेवाल्यांना कागद लागतो, गाववाल्यांना कागदाचा कंटाळा. मध्ये आमची वहिनी.

सुरुवात साधी होती. ती आमच्या नगरपालिकेत वीज विभागात कारकून लागली. काम काय, तर पालिकेची विजेची बिलं येतील ती तपासून पुढे सरकवायची. तिच्या आधीचे साहेब तपासायचे म्हणजे शिक्का मारायचे. ही निघाली प्रत्येक मीटर बघायला. उन्हातान्हात, छत्री घेऊन. लोकांना वाटायचं सुनेचं घरात पटत नाही म्हणून बाहेर फिरते. तर झालं असं की चौकातल्या कारंज्याचं बिल दर महिन्याला येत होतं आणि पालिका भरत होती. वहिनी कारंजं बघायला गेली. कारंजं कधीच पाडलेलं. तिथे स्कूटर लावायची जागा झालेली. कारंजं नाही, पण त्याची वीज चालूच. कुठे जात होती देव जाणे. वहिनी घरी येऊन हसून हसून सांगत होती आणि आई म्हणाली, हसतेस काय, ते पैसे आपलेच होते.

त्यानंतर तिला चटकच लागली. रस्त्यावरचे जुने दिवे काढून कमी वीज खाणारे लावायला एका निधीतून पैसे मिळतात असं तिनं कुठेतरी वाचलं, आणि चिकटली. अर्ज परत आला, पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. शेवटी मिळाले. नवे दिवे लागले त्या दिवशी ती जरा तोऱ्यातच घरात आली. आईनं विचारलं, आलात का दिवे लावून? वहिनी म्हणाली, हो, आख्ख्या गावात. 

मग वरच्या लोकांनी तिला उचलून एका नव्या ऑफिसात नेलं. आसपासच्या गावांना अशी मदत करायची, एवढंच त्या ऑफिसचं काम. ऑफिस कसलं, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. रबराचा वास इतका की ती घरी आली की दादा म्हणायचा, आलं चाक. कपाट लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही. पण तिथे बसून तिनं एकेका गावाला कुठून कुठून पैसा आणून दिला. कुठे बाजारातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस, कुठे शाळेच्या छतावर सोलार, कुठे पुराचं पाणी वळवायला गटार.

तिची एक पद्धत होती. नव्या गावात गेली की पहिल्या दिवशी अर्जाला हातच लावायचा नाही. गावचे लोक मोठे नकाशे पसरून बसलेले असायचे, बाग दाखवायचे, कमान दाखवायचे. ही विचारायची, तुमच्याकडचं सगळ्यात रडकं काम कुठलं?  मग ही दुसरं विचारायची, आणि जे बसवू ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? इथे तर लोक नकाशे गुंडाळायला लागायचे. पण तिचं म्हणणं होतं, हे दोन प्रश्न नाही सुटले तर पैसा आला काय नि गेला काय.

तिच्या सगळ्या गावांत एक गाव तिला फार जवळचं. त्याची गोष्ट ती जेवताना इतक्यांदा सांगायची की आम्हाला सगळ्यांना पाठ झालीय.

ते गाव उतारावर वसलेलं. खाली नदी, नदीकाठी पंपघर, मध्ये बाजार, आणि पार वर टेकाडाला चिकटलेली वरची आळी. पाणी पंपानं वर ढकलायचं, आळीतल्या टाकीत भरायचं, तिथून नळाला सोडायचं. पण पंप म्हातारे झालेले. वीज खायचे पोटभर आणि पाणी चढवायचे घोटभर. त्यातून गावात दिवे पंखे लागले की विजेचा जोर कमी व्हायचा आणि मोटर गप्प. वरच्या आळीला पाणी यायचं ते त्याच्या मनात आलं तर.

आळीत एक दवाखाना होता. तिथली नर्सबाई म्हणजे धिप्पाड, आवाज असा की तिनं वर शिंक दिली तर खाली बाजारात ऐकू जावी. वहिनी पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं हाताला धरून तिला एका दारासमोर उभं केलं. दाराला कुलूप. ती म्हणाली ही बाळंतपणाची खोली, आत खाट आहे, दिवा आहे, सगळं आहे, बाळंतपण करायला मी आहे. फक्त पाणी नाही. पाण्याशिवाय ते काम करता येत नाही म्हणून वरून हुकूम आला, खोली बंद ठेवा. मग आळीतल्या बायका कळा सुरू झाल्या की रिक्षात बसून तो खड्ड्याखड्ड्यांचा उतार उतरायच्या, खालच्या मोठ्या दवाखान्यात जायला. एक जण वाटेत रिक्षातच बाळंत झाली. मूल वाचलं.

नर्सबाई म्हणाली, "दर वेळी वाचेल असं मला नाही वाटत."

वहिनीला त्या गावचं रडकं काम सापडलं. नदीकाठी सोलारची पॅनेलं मांडायची, कमी विजेचे नवे पंप घ्यायचे, दिवसा ऊन आहे तोवर टाकी भरून ठेवायची, संध्याकाळच्या विजेची कटकटच नको. वीज वाचणार होती म्हणून निधीवाल्यांनाही ते पसंत पडण्यासारखं होतं.

आता गावचे नगराध्यक्ष. कापडाचं मोठं दुकान, माणूस दिलदार, हसतमुख, पण मानाला जपणारा. दुकानात गिऱ्हाईक आलं तर स्वतः खुर्ची पुसून देणार. त्यांना खरं तर गावच्या वेशीवर सोलारची झगमग कमान पाहिजे होती. वहिनीनं त्यांना दोन चहात खाली उतरवलं. म्हणाली भाऊ, कमानीखालून पाहुणे येतील, पण प्यायला पाणी मागतील त्याचं काय करायचं. ते जरा हिरमुसले, पण सही केली.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. आता निधीचे साहेब प्रत्यक्ष गाव बघायला येणार होते. रांगेत इतर गावंही होती आणि नियम साफ होता, ज्याला खरी गरज त्याला पैसे. इथे हुकलं तर पुन्हा असा निधी कधी निघेल, निघेल की नाही, कुणाला ठाऊक. वहिनीनं अध्यक्षांना फोन करून सांगितलं, भाऊ, काही करू नका, आहे तसं दाखवा. ते म्हणाले ताई, तुम्ही निश्चिंत राहा.

ती निश्चिंत राहिली आणि तिथेच घोटाळा झाला. अहो, जो माणूस गिऱ्हाइकाला धुळीची खुर्ची दाखवत नाही, तो मोठ्या साहेबांना म्हातारा पंप दाखवेल का?

ती साहेबांना जीपमधून घेऊन गावात शिरली तेव्हाच तिला कळलं. रस्ता धुतलेला. पंपघराला पांढराशुभ्र रंग. पंपांना हिरवागार. पंपावरचे काका, जे एरवी बनियनवर असायचे, ते इस्त्रीच्या कपड्यात ताठ उभे, जणू आत्ता फोटो काढणार आहेत. आणि मोटरी अशा झोकात चालू की विचारू नका. बाजूला ताडपत्रीखाली काहीतरी घरघरत होतं. साहेबांनी विचारलं ते काय आहे. पालिकेचा इंजिनियर गडबडून म्हणाला, खत आहे. खत घरघरत नाही हे साहेबांना कळलं असावं, पण ते पुढे निघाले. भाड्यानं आणलेला जनरेटर होता तो.

वर गेले तर आणखीनच. दवाखान्याला पडदे लागलेले. बाळंतपणाच्या खोलीचं कुलूप गायब, खाटेवर नवी चादर, आणि चादरीवर पेशंट म्हणून चक्क अध्यक्षांच्या सासूबाई झोपलेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. साहेबांनी विचारलं यांना काय होतंय. अध्यक्ष म्हणाले, पोटात दुखतंय. सासूबाई म्हणाल्या, नाही हो, गुडघा. आणि लगेच, मी आता उठू का?

वहिनी सांगायची, त्या वेळी हसू दाबायला तिनं जीभ चावली. पण मग साहेबांनी कोपऱ्यातला नळ सोडला. भसाभसा पाणी आलं. रात्रीतून टँकरच्या फेऱ्या मारून टाकी भरलेली. साहेबांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणाले छान गाव आहे. पाणी आहे, दवाखाना चालू आहे. आमच्या रांगेत याच्यापेक्षा तहानलेली गावं बरीच आहेत.

नर्सबाई दाराशी उभी होती.  अध्यक्षांनी तिला आधीच बजावलं होतं, गावाची लाज तुझ्या हातात आहे. ती नुसती वहिनीकडे बघत होती. उद्या ते कुलूप परत लागणार होतं आणि मग कायमचं लागणार होतं.

वहिनी कधी नव्हे ती अडली. खरं बोलावं तर सगळ्या पालिकेसमोर अध्यक्षांचं तोंड उतरणार, आणि वर गावानं फसवलं म्हणून साहेब अर्जच फाडणार. शिवाय तिला ठाऊक होतं, उद्या पंप आले तर ते सांभाळायचे आहेत याच माणसाला. चारचौघांत खाली मान घातलेला माणूस मग कशाला हात लावतोय? आणि गप्प बसावं तर सगळं संपलंच.

ती जरा वारं खायला म्हणून बाहेर आली. बघते तर गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधलेली, आणि दोरीपलीकडे ही गर्दी. हंडे, बादल्या, डबे घेऊन आख्खी आळी उभी. टाकीत पाणी आलंय हे काय लपून राहतं होय. पण साहेब जाईपर्यंत कुणी भरायचं नाही, असा हुकूम होता आणि शिपाई दोरी धरून उभा होता.

वहिनीनं अध्यक्षांना हळूच बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "भाऊ, मी काही बोलणार नाही. फक्त ती दोरी सोडायला सांगते. लोक भरतील आणि थोड्या वेळात नळ सुकेल. नळानं सांगायच्या आत तुम्ही सांगा."

 तिनं शिपायाला खूण केली. शिपायानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी मान फिरवली, आणि शिपायानं त्याचा अर्थ हो असा घेतला.

मग काय, दवाखान्यासमोरच्या नळावर झुंबड. हंडे झाले, बादल्या झाल्या, कुकर आले, बाळाचा टब आला, एक आजोबा तर डोक्यावरचं हेल्मेट काढून ते भरायला लागले. नर्सबाईला आता कंठ फुटला, ती रांग लावत ओरडत सुटली. साहेबांना ओट्यावर खुर्ची दिली होती, हातात चहा. ते चहा प्यायचे सोडून ते हेल्मेट बघत होते. शेजारच्या खुर्चीत अध्यक्ष. त्यांच्या कपबशीतला चहा तसाच. नळाची धार मनगटाएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली. मग करंगळीएवढी. पाठीमागे अजून निम्मी रांग उभी.

अध्यक्षांनी कपबशी खाली ठेवली आणि उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, टाकी टँकरनं भरलीय. रंग कालचा आहे. ती खोली बंद असते. आणि खाटेवर माझी सासू आहे."

 आतून सासूबाई म्हणाल्या, म्हणजे उठले तरी चालेल ना. आणि त्या उठून बाहेर येऊन बसल्या.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, खत घरघरतं तेव्हाच मला कळलं होतं. पण गाव जर म्हणतंय आम्हाला काही कमी नाही, तर मी बळंच पैसे देऊ शकत नाही. ते ठीक, तुम्ही सांगितलंत. पण माझी अडचण आता वेगळी आहे. उद्या आमचे पंप बसतील आणि बंद पडतील. मी विचारीन, चालू आहेत का, तेव्हा तुम्ही तेही रंगवून दाखवाल. मी कुणाच्या शब्दावर जायचं?

आता हा प्रश्न वहिनीचाच होता की. बिघडलं तर कोण, हा. त्याचं तयार उत्तर तिच्याकडे होतं, अर्जात लिहिलेलंही होतं. पण ती गप्प राहिली. तिनं आम्हाला सांगितलं, तेव्हा बोलणं सगळ्यात सोपं होतं, पण ते उत्तर माझं झालं असतं, गावाचं नाही.

अध्यक्ष दोन पावलं पुढे आले. मग त्यांनी नर्सबाईकडे बोट केलं.

"हिला विचारा. वर पाणी चढलं की नाही ते दर आठवड्याला ही बाई तुम्हाला कळवेल. थेट. मध्ये मी नको. मला विचारू नका, साहेब, मी रंगवतो."

तेव्हा मात्र साहेब हसले. आळी हसली. अध्यक्षही कसेबसे हसले, आणि वहिनी म्हणायची, त्या दिवशी तो माणूस तिच्या नजरेत जेवढा उंच झाला तेवढा कमान उभी करून कधी झाला नसता.

मग सगळे पुन्हा खाली पंपघरात गेले. जनरेटर बंद करायला लावला. मोटर दोनदा कण्हली आणि गप्प झाली. साहेब वाकून बघायला गेले ते हिरव्या पंपाला टेकले, आणि बाही हिरवीगार. इंजिनियर रॉकेल आणायला पळाला. साहेब म्हणाले राहू द्या, ऑफिसात विचारलं तर सांगायला पुरावा होईल.

लगेच काही पैसे आले नाहीत. असं कधी होत नाही. निधीवाल्यांचे प्रश्न यायचे, वहिनी टायरवाल्या ऑफिसात कपाटाला लाथ मारून कागद काढायची, उत्तरं पाठवायची. अर्जात बाजारासाठी नवे दिवेही मागितले होते, ते त्यांनी उडवले. इंजिनियर खट्टू झाला. वहिनी म्हणाली दिव्यांना मी दुसरं स्थळ बघते. पण पंप आणि सोलार मंजूर झालं, आणि मंजुरीत एक अट घातलेली होती की पाण्याची खबर दवाखान्याच्या नर्सकडूनच घेतली जाईल. निधीच्या इतिहासात अशी अट पहिलीच असेल, असं वहिनीला वाटायचं. खरंखोटं तिलाच माहीत.

पंप बसले, भर दुपारी टाकी काठोकाठ भरली आणि वाहायला लागली. नर्सबाईचा वहिनीला फोन, पाणी फुकट चाललंय, बंद कोण करणार, तुमचे पंपकाका जेवायला बसलेत. वहिनीनं फोन कानापासून लांब धरला होता तरी तो आवाज घरभर घुमत होता.  आईनं विचारलं, काय झालं, वाईट बातमी का? ती म्हणाली नाही, पाणी जास्त झालंय.

ती खोली उघडली. पहिली मुलगी झाली. अध्यक्षांनी दुकानातून झबल्यांचं कापड पाठवलं, आणि पुढे हा त्यांचा रिवाजच पडला, आळीत मूल झालं की कापड.

वहिनी अचानक गेली. सकाळी पुढच्या गावाला निघायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती, आणि छातीत दुखतं म्हणून बसली ती बसलीच. त्या दिवशी ते अध्यक्ष आले, पंपकाका आले, सासूबाईंचा निरोप आला. नर्सबाई काही आली नाही. कुणीतरी कुजबुजलं देखील, जिच्यासाठी एवढं केलं ती आली नाही. दादाला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. घामाघूम, पांढरा गणवेश तसाच अंगावर, केस विस्कटलेले. दारातच थांबली. तो आवाज पार खाली गेला होता. म्हणाली, "एक बाई अडली होती हो. पहिलटकरीण. सोडून कशी येणार?"

दादानं तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं. विचारलं, सुटली का?

ती म्हणाली, सुटली. दोघंही चांगली आहेत.

दादा म्हणाला, मग बरं झालं नाही आलात. काल आला असतात तर तिनंच तुम्हाला परत पाठवलं असतं. आणि तेव्हा कुठे तो रडला, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. नर्सबाईनं त्याचं डोकं धरलं, आई आतून पाणी घेऊन आली, आणि नर्सबाईनं तो आख्खा तांब्या उभ्या उभ्या संपवला.